दुसरी प्रत

"सहा हजारांच्या वर जाऊ नकोस,"
मोरेश्वरकाकांनी नोटा मोजून दिल्या.
दक्षिणेच्याच असाव्यात, बहुतेक शंभराच्या,
एकीला कुंकू लागलेलं.

एकसष्ट वह्या. दोन उन्हाळे त्यांच्या माडीवर
खिडकीशी स्टँड लावून मी पान अन् पान टिपलं:
कोण कुठून आलं, कोणाच्या अस्थी घेऊन,
बरोबर कोण होतं, सही, नाहीतर अंगठा.
तीनशे सत्तर जीबी मेलेली माणसं
आणि त्यांना पोचवायला आलेली, तीही आता मेलेली,
माझ्या एकट्या लॅपटॉपमध्ये, ज्याचा पंखा
गेल्या महिन्यापासून खाकरतोय.

एम. जी. रोडला, जिन्याखालच्या दुकानात
झीनतने काउंटरवर चार डबे मांडले.
हा जलद, पण साडेआठ हजार.
हा दोन टीबी, रबराचा अंगरखा, पडला तरी चालतो म्हणतात.
"म्हणतात," ती म्हणाली, "मी पाडून बघितला नाही."
हा एक टीबी, काळा, साधा, बावन्नशे.
आणि हा नुसता रिकामा डबा, साडेचारशे,
आत काही नाही, तुमचं काही असेल तर घाला.

माझ्याकडे होतं. आधीच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क,
रुमालात बांधून आणलेली.
झीनतने चार स्क्रू फिरवले, तार जोडली,
कान लावला. खरंच कान लावला,
कलिंगड निवडताना लावतात तसा.
मग पडद्यावरचे आकडे पाहून म्हणाली,
"जगेल. पाचशेची आहे, तुमचं मावेल.
पण हिला एकटीला ठेवू नका.
दुसरी प्रत म्हणून चालेल. पहिली म्हणून नाही."

काका इतका वेळ स्टुलावर गप्प.
"टिकतं किती?"
"तीन वर्षं वॉरंटी."
"आणि नंतर?"
"नंतर नशीब. नवीन घ्यायची, त्यात उतरवायचं."
काका हसले, दात नसलेल्या बाजूने.
"आजोबांनी हेच केलं.
वाळवी दिसली की नवी वही,
रात्री जागून जुनं सगळं उतरवून काढायचं.
शेवटी शेवटी त्यांची बोटं सरळ होत नव्हती."

मग नदीची गोष्ट निघाली. पंचवटीतला माणूस असला की निघतेच.
आठ साली पाणी जिन्याच्या पाचव्या पायरीला लागलं,
खालच्या फडताळातल्या सात वह्यांची लापशी झाली.
त्यात निफाडकडची गावं होती.
अजून कुणी येतं तिकडून, पणजोबांचं नाव विचारतं.
काका आधी फडताळाकडे बघतात, मग त्याच्याकडे.

"दोन्ही एकाच घरात ठेवणार?" झीनतने विचारलं.

ठरलं. काळा डबा काकांच्या माडीवर.
जुनी डिस्क माझ्याकडे इंदिरानगरला, तिसऱ्या मजल्यावर.
गोदावरी तिथवर आलीच
तर वह्या विचारायला कुणी उरणार नाही.
बिल छप्पनशे पन्नास. उरल्यात रिक्षा आणि दोन चहा.

संध्याकाळी कॉपी लावली. माझ्या लॅपटॉपचं पोर्ट जुनं.
काका दर अर्ध्या तासाने चष्मा सरकवत,
"कुठवर आले?"
"छत्तीस टक्के."
"म्हणजे येवला झालं?"
"काका, ते गावांप्रमाणे जात नाही."
"मग कसं जातं?"
मला सांगता आलं नाही.

नऊच्या पुढे संपलं. त्यांनी काळा डबा उचलला,
हातावर तोलला, "पत्त्यांच्या कॅटाएवढा," म्हणाले,
आणि वह्यांना असतं तसलंच लाल फडकं काढलं.
"गरम होईल," मी म्हटलं.
"चालू असताना सोडू."
गाठ मारली.

वॉरंटीचा कागद तेवढा हातात राहिला,
पातळ, छपाई आत्ताच पुसट.
"हा हरवून चालायचं नाही ना?"
त्यांनी वही उघडली, बासष्टावी, चालू, अर्धी कोरी,
जी अजून कुठल्याच डब्यात नाही.
कागद आत सरकवला. खाली शाईने लिहिलं:
तिथी, दुकान, विकणारीचं नाव,
बरोबर कोण होतं.

मग वही माझ्यापुढे केली,
सहीसाठी.